जगातील पहिल्या महाकाय आकाशपाळण्याचे जनक जॉर्ज फेरिस

जत्रेच्या मैदानात रात्रीच्या वेळी दिव्यांनी उजळलेला आकाशपाळणा दुरून दिसू लागला की लहानथोरांची पावले आपोआप तिकडे वळतात. तिकीट हातात घेऊन रांगेत उभे राहिल्यावर मात्र उत्सुकतेची जागा हळूहळू धास्ती घेऊ लागते. पाळणा वर जात असताना पोटात उठणारा गोळा, सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबलेला श्वास आणि खाली उतरल्यावर पुन्हा एकदा बसण्याची इच्छा, हा अनुभव आज जगभरातील कोट्यवधी लोकांच्या परिचयाचा आहे. हा अनुभव महाकाय आकारात आणि हजारो लोकांना एकाच वेळी देण्याचे धाडस सर्वप्रथम जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अमेरिकन अभियंत्याने केले. इंग्रजीत या पाळण्यास आजही त्यांचेच नाव आहे. मात्र ज्या चाकाने त्यांना अमर केले, त्याच चाकाने त्यांची उमेद, पैसा आणि स्वास्थ्य हिरावून घेतले. वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फेरिस यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग या गावी झाला. जॉर्ज वॉशिंग्टन गेल हे या गावाचे संस्थापक होते आणि फेरिस घराणे गावाच्या स्थापनेपासून तेथे होते. त्यामुळे संस्थापकाचे नाव या घराण्यात पिता आणि पुत्र या दोघांनाही देण्यात आले. जॉर्ज पाच वर्षांचे असताना, १८६४ मध्ये, हे कुटुंब पश्चिमेकडे निघाले आणि नेवाडातील कार्सन खोऱ्यात स्थायिक झाले. पुढे त्यांनी कार्सन सिटी या गावात घर केले. कार्सन नदीवर फिरणारे पाण्याचे मोठे चाक हा मुलगा तासन् तास पाहत बसे आणि आकाशपाळण्याची कल्पना त्याच्या मनात तेथेच रुजली, अशी आख्यायिका सांगितली जाते. मराठीत या पाळण्याला रहाटपाळणा असेही म्हणतात. त्यामुळे ही आख्यायिका खरी असो वा नसो, आपल्याकडील वाचकांना ती अगदीच अपरिचित वाटणार नाही.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील सैनिकी विद्यालयात शिक्षण पूर्ण करून फेरिस यांनी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या नामांकित संस्थेत प्रवेश घेतला. १८८१ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी रेल्वेमार्ग, खाणी आणि पूल यांच्या कामांत घालविली. तो काळ अमेरिकेत पोलादाच्या उदयाचा होता. पुलांसाठी लाकूड आणि ओतीव लोखंड मागे पडून पोलादाचा वापर वाढू लागला होता. परंतु कारखान्यातून येणारे पोलाद खरोखरच अपेक्षित भार सहन करील किंवा नाही, याची खात्री करणारे तज्ज्ञ फारच थोडे होते. फेरिस यांनी नेमकी ही गरज ओळखली आणि पिट्सबर्ग येथे पोलादाची तपासणी व चाचणी करणारी संस्था स्थापन केली. रेल्वे आणि पुलांसाठी लागणाऱ्या पोलादाची परीक्षा हा तिचा मुख्य व्यवसाय होता. १८८६ मध्ये ओहायो राज्यातील कँटन येथील मार्गारेट बीटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

याच सुमारास अमेरिकेत एका भव्य प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याच्या घटनेस १८९२ मध्ये ४०० वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरविण्याचा निर्णय घेण्यात आला. प्रदर्शनाच्या बांधकामाची सूत्रे वास्तुविशारद डॅनिएल बर्नहॅम यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांच्यासमोर एक मोठे आव्हान होते. १८८९ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात गुस्ताव आयफेल यांच्या कंपनीने सुमारे ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून साऱ्या जगाला थक्क केले होते. त्याला मागे टाकील असे काही तरी शिकागोत उभे राहिले पाहिजे, अशी अमेरिकेची इच्छा होती. अनेकांनी आयफेल मनोऱ्याहूनही उंच मनोऱ्यांचे आराखडे सादर केले. परंतु दुसऱ्याची नक्कल अधिक उंच करण्यात कसले आले श्रेय, असे बर्नहॅम यांचे मत होते. अभियंत्यांच्या एका मेळाव्यात त्यांनी ही खंत जाहीरपणे बोलून दाखविली आणि अमेरिकेतील अभियंत्यांना जणू आव्हानच दिले.

त्या मेळाव्यास फेरिस उपस्थित होते. पुढे एकदा शिकागोतील एका उपाहारगृहात मित्रांसमवेत भोजन करीत असताना त्यांना महाकाय चाकाची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले. चाकाचा आकार, डब्यांची संख्या, बांधणीची पद्धत, प्रवासाचे शुल्क आणि किती फेऱ्यांनंतर उतरवायचे या सर्व बाबी त्याच बैठकीत कागदावर मांडल्या गेल्या व पुढे त्यांत फारसा बदल करावा लागला नाही, असेही त्यांचे म्हणणे होते.

फिरत्या पाळण्याची कल्पना मुळात नवी नव्हती. सतराव्या शतकात तुर्की साम्राज्यात प्रवास करणाऱ्या युरोपीय प्रवाशांनी माणसांनी हाताने फिरविलेल्या लाकडी चाकांचे वर्णन केले आहे. भारतातील जत्रांमध्येही हाताने फिरविले जाणारे लाकडी पाळणे लोकांच्या परिचयाचे होते. अमेरिकेत विल्यम सॉमर्स यांनी १८९२ मध्ये अटलांटिक सिटी व अन्य ठिकाणी सुमारे ५० फूट उंचीची लाकडी चाके उभारली होती. पुढे त्यांनी फेरिस यांच्यावर दावाही दाखल केला, परंतु तो टिकला नाही. फेरिस यांच्या कल्पनेचे वेगळेपण तिच्या आकारात होते. त्यांचे चाक २५० फूट व्यासाचे आणि जमिनीपासून २६४ फूट, म्हणजे सुमारे ८० मीटर उंच असणार होते. त्याला ३६ डबे असणार होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावणार होती. याचा अर्थ एकाच वेळी २,१६० माणसे आकाशात फिरणार होती. एवढ्या उंचीवर एवढ्या माणसांना फिरविणारे यंत्र तोपर्यंत जगात कोणीही बनविले नव्हते.

या प्रस्तावावरील पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. बर्नहॅम यांना हे चाक फारच नाजूक वाटले. त्याचे कारण त्याच्या रचनेत होते. फेरिस यांच्या चाकाचे आरे जाड खांबांसारखे नव्हते. सायकलच्या चाकाप्रमाणे ते बारीक पोलादी गजांचे होते व ताणावर काम करणारे होते. मधल्या आसापासून चाकाचा खालचा अर्धा भाग या गजांना लोंबकळत राहतो आणि वरच्या भागाला खालचा भाग आधार देतो, हे तत्त्व अभियंत्याला पटण्यासारखे असले तरी सामान्य माणसाच्या डोळ्यांना ते पटणारे नव्हते. एवढे मोठे चाक स्वतःच्याच भाराने चेपून लंबगोल होईल, वाऱ्याने कोलमडेल, अशी भाकिते करण्यात आली. फेरिस यांच्या डोक्यातच चाके फिरू लागली आहेत, असे लोक उपहासाने म्हणू लागले.

फेरिस मागे हटले नाहीत. त्यांचे सहकारी अभियंता विल्यम ग्रोनाउ यांनी प्रत्येक भागावरील भाराची तपशीलवार गणिते केली. ताशी १०० मैल वेगाचा वाराही चाकाने सहन करावा, असे त्यांचे उद्दिष्ट होते. आराखडे आणि गणिते यांवर फेरिस यांनी पदरचे सुमारे २५ हजार डॉलर खर्च केले. १८९२ मध्ये त्यांना एकदा परवानगी मिळाली, परंतु ती लवकरच रद्द करण्यात आली. त्यांनी भांडवलदार जमविले, नामवंत अभियंत्यांचा पाठिंबा मिळविला आणि पुन्हा अर्ज केला. अखेर १६ डिसेंबर १८९२ रोजी त्यांना अंतिम मंजुरी मिळाली. अट अशी होती की सर्व खर्च त्यांनीच उभा करावा आणि उत्पन्नातील ३ लाख डॉलरनंतरच्या रकमेचा अर्धा वाटा प्रदर्शनाच्या कंपनीस द्यावा.

प्रदर्शनाचे उद्घाटन १ मे १८९३ रोजी होणार होते. म्हणजे फेरिस यांच्या हाती साडेचार महिने उरले होते आणि ते महिनेही शिकागोच्या कडाक्याच्या हिवाळ्याचे होते. प्रदर्शनाच्या मिडवे या करमणुकीच्या पट्ट्यात चाकाची जागा निश्चित करण्यात आली. तेथील जमीन सुमारे तीन फूट खोलीपर्यंत गोठली होती आणि तिच्याखाली पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू होती. पंप अहोरात्र चालवून पाणी उपसावे लागले. गोठलेली माती वितळविण्यासाठी वाफ सोडण्यात आली. काँक्रीट ओतल्यानंतर ते गोठू नये म्हणूनही वाफेचाच उपयोग करण्यात आला. अशा रीतीने काँक्रीटचे आठ भक्कम पाये तयार झाले. प्रत्येक पाया २० फूट लांब, २० फूट रुंद आणि ३५ फूट खोल होता. त्यांवर १४० फूट उंचीचे दोन मनोरे उभे राहिले.

चाकाचे सुटे भाग एकाच कारखान्यात तयार करून घेणे शक्य नव्हते. त्यामुळे काम निरनिराळ्या कारखान्यांना वाटून देण्यात आले. एक लाखाहून अधिक लहानमोठे भाग शिकागोत येऊन एकमेकांत अचूक बसणे आवश्यक होते. पोलादाची परीक्षा करण्यात हयात घालविलेल्या फेरिस यांचा अनुभव येथे कामी आला. चाकाचा मुख्य आस पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम आयर्न कंपनीने तयार केला. तो ४५ फुटांहून अधिक लांब व ३३ इंच जाड होता आणि त्याचे वजन सुमारे ४० टन होते. पोलादाचा एवढा मोठा अखंड आस त्यापूर्वी घडविण्यात आला नव्हता, असे मानले जाते. जोडभागांसह सुमारे ६४ टनांचा हा भार मार्च १८९३ मध्ये १४० फुटांवर चढवून मनोऱ्यांच्या माथ्यावर बसविण्यात आला. चाक फिरविण्यासाठी १,००० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिने आणण्यात आली. त्यांपैकी एक नेहमी राखीव असे. धुराचा त्रास होऊ नये यासाठी बॉयलर सुमारे ७०० फूट दूर ठेवून वाफ जमिनीखालील नळांतून आणण्यात आली. चाक थांबविण्यासाठी रेल्वेगाड्यांप्रमाणे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक बसविण्यात आला होता.

एवढे करूनही चाक वेळेवर पूर्ण झाले नाही. १ मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या हस्ते प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, तेव्हा मिडवेवर पोलादाचा अर्धवट सांगाडा उभा होता. त्याच महिन्यात अमेरिकेत मोठे आर्थिक संकट कोसळले. बँका बुडू लागल्या, कारखाने बंद पडू लागले. प्रदर्शनाला अपेक्षेएवढी गर्दी होईना. ज्या चाकाची प्रथम थट्टा झाली होती, त्याच्याकडे आता प्रदर्शनाचे चालक आशेने पाहू लागले. रोज हजारो लोक येत, त्या उंच सांगाड्याकडे मान वर करून पाहत आणि हे खरोखर फिरणार का, अशी चर्चा करीत परत जात.

९ जून १८९३ रोजी संध्याकाळी तो क्षण आला. डबे अद्याप बसविले नव्हते. फेरिस स्वतः पिट्सबर्ग येथे होते. बांधकामाचे प्रमुख ल्यूथर राइस आणि ग्रोनाउ हे चाकाजवळ उभे होते. वाफ सोडण्यात आली आणि चाक हलू लागले. त्याबरोबर वरून सुटे राहिलेले बोल्ट, नट आणि कामगारांनी विसरलेली हत्यारे खाली पडू लागली. ब्रेकच्या पट्ट्यावर चढलेल्या गंजामुळे कर्णकर्कश आवाज येऊ लागला. ज्यांनी महिनोन् महिने या चाकाची गणिते केली होती, त्यांच्याही काळजाचा ठोका त्या आवाजाने चुकला असल्यास नवल नाही. परंतु चाक फिरत राहिले. काही कामगार उत्साहाच्या भरात आऱ्यांवर चढून चाकाबरोबर वर जाऊ लागले. सुमारे २० मिनिटांत पहिली फेरी पूर्ण झाली, तेव्हा जमलेल्या लोकांनी मोठा जयघोष केला. चाक लंबगोल झाले नाही, वाकले नाही आणि आपल्या जागेवरून ढळलेही नाही. राइस यांनी तत्काळ फेरिस यांना तारेने ही वार्ता कळविली आणि डबे बसविण्याचे आदेश उलट तारेने आले.

११ जून रोजी सहा डबे बसवून माणसांसह पहिली चाचणी घेण्यात आली. त्या वेळी ग्रोनाउ यांच्यासमवेत फेरिस यांच्या पत्नी मार्गारेट याही डब्यात बसल्या होत्या. पतीच्या गणितावरील विश्वासाचे याहून मोठे प्रमाण कोणते असू शकेल? बाहेर उभ्या असलेल्या जमावाला हे पाहून धीर धरवेना. परवानगी नसतानाही लोक डब्यांत घुसू लागले. आदल्या दिवसापर्यंत जे चाक कोसळेल असे म्हणत होते, त्यांच्यापैकीही काही जण कदाचित त्या गर्दीत असतील.

भीती निराधार होती असे मात्र नाही. अमेरिकेत लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे उतारावरून धावणारी करमणुकीची रेल्वे सुरू केल्यापासून अशा वेगवान खेळांची लोकप्रियता वाढली होती. शिकागोच्या मिडवेवरही बर्फाच्या वळणदार मार्गावरून घसरणारी गाडी तयार करण्यात आली होती. जूनच्या मध्यास, फेरिस यांच्या चाकाची चाचणी झाल्यानंतर काही दिवसांतच, तिची एक घसरगाडी वळणावरून उडून खाली कोसळली. त्यात एकाचा मृत्यू झाला आणि काही जण जखमी झाले. ही घटना ताजी असतानाच २६४ फूट उंचीचे चाक लोकांसाठी खुले होणार होते.

२१ जून १८९३ रोजी चाकाचे रीतसर उद्घाटन झाले. प्रदर्शन सुरू होऊन ५१ दिवस उलटले होते. आपल्या भाषणात फेरिस यांनी आपल्या डोक्यातील चाके बाहेर काढून ती मिडवेवर उभी केल्याचे सांगून टीकाकारांना हसत हसत उत्तर दिले. आपल्या पत्नीने दिलेल्या प्रोत्साहनाचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला आणि हे चाक अमेरिकेतील अभियंत्यांना अर्पण केले. त्यानंतर पत्नीने दिलेली सोन्याची शिट्टी त्यांनी वाजविली आणि वाद्यवृंदाच्या सुरात चाक फिरू लागले.

प्रवासाचे शुल्क ५० सेंट ठेवण्यात आले होते. प्रदर्शनाच्या प्रवेशाचे तिकीटही तेवढेच होते. त्या बदल्यात दोन फेऱ्या मिळत. पहिल्या फेरीत उतारू चढविण्या-उतरविण्यासाठी चाक सहा वेळा थांबे. दुसरी फेरी न थांबता सुमारे नऊ मिनिटे चाले. डबा म्हणजे आजच्यासारखा उघडा पाळणा नव्हता. तो २४ फूट लांब व १३ फूट रुंद असा काचेच्या खिडक्यांचा एक दिवाणखानाच होता. त्यात फिरत्या बैठकीच्या सुमारे ४० खुर्च्या होत्या, खिडक्यांना जाळ्या होत्या आणि सोबतीला गणवेशातील कर्मचारी असे. खाली प्रदर्शनाची शुभ्र नगरी, पलीकडे मिशिगन सरोवर आणि क्षितिजापर्यंत पसरलेले शिकागो शहर दिसे. विमानाचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात बहुसंख्य लोकांनी एवढ्या उंचीवरून जमीन कधीच पाहिली नव्हती. रात्री हजारो विजेच्या दिव्यांनी चाक उजळून निघे. विजेचे दिवे ज्यांनी घरीदारी पाहिले नव्हते, त्यांना ते फिरते तेजोवलय स्वप्नवत वाटे.

सर्वांनाच ही उंची मानवली असे नाही. एक प्रवासी वर जाताच भयाने बेभान होऊन डब्याच्या भिंतींवर धडका देऊ लागला. इतरांना तो आवरेना. तेव्हा एका महिलेने आपला वरचा घागरा काढून त्याच्या डोक्यावर टाकला. समोरची उंची दिसेनाशी होताच तो शांत झाला, असा किस्सा त्या काळी सांगितला गेला. भीती उंचीची नसून उंची दिसण्याची असते, हेच जणू त्या महिलेने ओळखले होते.

चाकाची खरी परीक्षा जुलैमध्ये झाली. ९ जुलै रोजी शिकागोवर प्रचंड वादळ आले. मिडवेवर दोरखंडाने बांधून ठेवलेला, प्रवाशांना वर नेणारा मोठा फुगा त्या वाऱ्याने फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. फेरिस यांचे चाक मात्र त्या वादळातही सुरक्षित उभे राहिले. त्यानंतर शंकाखोरांचा आवाज बंद झाला. प्रदर्शन संपेपर्यंत १४ लाखांहून अधिक लोकांनी त्यातून प्रवास केला आणि ७ लाख २६ हजार डॉलरहून अधिक उत्पन्न जमा झाले. चाकाच्या रचनेतील दोषामुळे त्या काळात एकही अपघात घडला नाही.

भारतीयांच्या दृष्टीनेही हे प्रदर्शन संस्मरणीय आहे. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने शिकागोत सर्वधर्म परिषद भरविण्यात आली आणि ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद यांनी तेथे आपले ऐतिहासिक भाषण केले. त्यापूर्वी जुलैच्या अखेरीस स्वामीजी शिकागोत दाखल झाले होते आणि त्यांनी हे प्रदर्शन पाहिले होते. त्या दिवसांत फेरिस यांचे चाक मिडवेवर अखंड फिरत होते.

३० ऑक्टोबर १८९३ रोजी प्रदर्शनाची सांगता झाली आणि फेरिस यांच्या अडचणींना प्रारंभ झाला. उत्पन्नाच्या वाटणीवरून त्यांचा आणि प्रदर्शनाच्या कंपनीचा वाद झाला. आपल्याला आणि आपल्या भागधारकांना हक्काचा वाटा मिळाला नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयात गेले. दुसरीकडे अनेक ठिकाणांहून लहान आकाराच्या चाकांना मागणी येत होती. परंतु फेरिस यांनी त्या व्यवसायात लक्ष घातले नाही आणि ती संधी इतरांनी साधली. लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात १८९५ मध्ये आणि व्हिएन्नात १८९७ मध्ये महाकाय चाके उभी राहिली. जग त्यांच्या कल्पनेवर पैसा मिळवीत असताना स्वतः फेरिस मात्र कर्ज, दावे आणि आर्थिक मंदी यांच्या कचाट्यात सापडले होते.

मूळ चाक सुटे करून १८९५ मध्ये शिकागोतीलच नॉर्थ क्लार्क रस्त्यावर पुन्हा उभारण्यात आले. तेथील रहिवाशांना हा गोंगाट नको होता. त्यांनी विरोध केला. जागतिक प्रदर्शनाचे वलय तेथे नव्हते आणि पूर्वीची गर्दीही नव्हती. उत्पन्न खर्चालाही पुरेना. फेरिस यांनी चाकातील आपला बहुतांश हिस्सा विकून टाकला. १८९६ मध्ये पत्नी मार्गारेट याही त्यांना सोडून गेल्या. ज्यांनी सर्वप्रथम त्या चाकात बसून पतीवरील विश्वास प्रकट केला होता, त्यांच्या दुराव्याचे दुःख फेरिस यांना किती झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरिस यांना विषमज्वर झाला. पिट्सबर्ग येथील मर्सी रुग्णालयात उपचार सुरू असताना २२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी एक वर्षाहून अधिक काळ पिट्सबर्गच्या दाहगृहातच पडून होत्या. लाखो लोकांना आकाश दाखविणाऱ्या माणसाच्या वाट्याला अखेर असे एकाकीपण आले.

त्यांचे चाक त्यांच्यानंतर दहा वर्षेही टिकले नाही. १९०३ मध्ये ते लिलावात केवळ १,८०० डॉलरला विकले गेले. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनासाठी ते तिसऱ्यांदा उभारण्यात आले आणि पुन्हा एकदा लोकांची गर्दी त्याने अनुभवली. मात्र प्रदर्शन संपल्यावर त्याला कोणी वाली उरला नाही. ११ मे १९०६ रोजी सुरुंग लावून ते पाडण्यात आले आणि त्याचे पोलाद भंगारात गेले.

व्हिएन्नातील १८९७ चे चाक आजही उभे आहे आणि प्रवासी त्यातून फिरतात. २००० मध्ये लंडनमध्ये १३५ मीटर उंचीचे चाक सुरू झाले, तर २०२१ मध्ये दुबईत सुमारे २५० मीटर उंचीचे चाक खुले झाले. फेरिस यांच्या चाकाच्या तिप्पट उंची गाठणाऱ्या या चाकातही ताणलेल्या आऱ्यांचे तेच जुने तत्त्व वापरलेले आहे. आपल्याकडील जत्रांमधील आकाशपाळणेही लोखंडाचे आणि यंत्रावर चालणारे झाले आहेत. त्यांत बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना फेरिस यांचे चरित्र ठाऊक असेल. तरीही पाळणा वर जाऊ लागताच शेजाऱ्याचा हात घट्ट धरणारा प्रत्येक जण तोच अनुभव घेत असतो, जो १८९३ च्या जूनमध्ये शिकागोच्या मिडवेवर रांगेत उभ्या असलेल्या त्या पहिल्या प्रवाशांनी घेतला होता.